इद्रिसचा सूर

"हा नाही," बखिता म्हणाली.

ती माझ्याकडे पाठ करून, कुडाच्या भिंतीला कपाळ टेकवून बसली होती. दुपार कलायला आली होती तरी अंगणात सावली म्हणून नव्हती. मी वेळूचा कर्णा तोंडावरून काढला आणि ओठ पुसले. दिवसभर फुंकून ते सुजले होते.

"मावशी, काल याच्याच जवळपासचा ऐकून तू मान हलवली होतीस."

"जवळपासचा म्हणजे शेजाऱ्याचा. माझ्या मुलाचा नाही."

मी कर्ण्याच्या टोकाची नखाएवढी चकती कापली. वेळू आखूड झाला की आवाज चढतो आणि चढलेला आवाज पुन्हा उतरत नाही. कापलेलं परत जोडता येत नाही, हे बुरडाच्या लेकीला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून मी जपून कापत होते, फुंकत होते, आणि ती दर वेळी तेच म्हणत होती. वाया गेलेल्या कर्ण्यांचा कुडापाशी ढीग लागला होता. त्यांचा चुलीला उपयोग झाला असता, पण बखिता ते जाळू देत नव्हती.

मी सुलोचना हिरवे, मूळची तुमसरची. आम्ही बुरूड. सूप, टोपली, पाळणा आमच्या घरचा, आणि तिरडीचा वेळूही आमच्याच दारातून जायचा. अशा घरातली मुलगी इथिओपियात जाईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण वेळूकाम शिकवणाऱ्या एका संस्थेला कुणीतरी हवं होतं, माझ्या मागे-पुढे कुणी नव्हतं, आणि माझा हात बरा होता. आसोसा गावाच्या पुढे, सुदानच्या वाटेवर, बेर्ता लोकांच्या एका खेड्यात त्यांनी मला नेऊन सोडलं. चहूकडे वेळूची रानं आणि मधेमधे काळे खडक. याला आता वीस-बावीस वर्षं झाली.

बखिताच्या अंगणातली एक झोपडी मला राहायला मिळाली होती. ती माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठी. मी तिला खालती म्हणायचे, म्हणजे आपली मावशी. ती मला हिंदिया, म्हणजे हिंदची बाई, म्हणायची, कारण सुलोचना तिच्या जिभेवर ठरत नव्हतं. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या अरबीत चालायचं. इथं मी ते माझ्या भाषेत सांगतेय, एवढंच. ज्वारीचा घट्ट घाटा आणि भेंडीचं बुळबुळीत कालवण ती माझ्यापुढे ठेवायची आणि मी पहिला घास घेईपर्यंत हलायची नाही.

"तुझ्या नवऱ्यानं तुला वेळूच्या बदल्यात दिलं का गं इकडे?" असं तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"नवराच नाही, मावशी."

"मग वेळूवाले फसले," ती म्हणाली आणि पोट धरून हसली. तेव्हा ती हसायची.

तिला दोन मुलगे. थोरला खोजली सरहद्दीकडे सोन्याच्या खाणीत कामाला. धाकटा इद्रिस तिच्याजवळ. इद्रिस गावच्या कर्णेवाल्यांच्या रांगेत बसायचा. तिथली रांग म्हणजे आपल्याकडचा बँड नव्हे. प्रत्येकाच्या हातात एक वेळूचा कर्णा, पुढे तुंब्याचं तोंड बसवलेलं, आणि प्रत्येक कर्ण्यात एकच सूर. एकानं आपला सूर टाकायचा, तो ऐकून शेजाऱ्यानं आपला. असं फिरत फिरत गाणं होतं. कुणा एकाला ते वाजवता येत नाही आणि कुणा एकाला वगळताही येत नाही.

उन्हाळ्यात तिथे गवत पेटवून शिकार हाकतात. त्या हाक्यात महजूबचा भाला गवताच्या हालचालीवर गेला आणि गवतात इद्रिस होता. दोघं लहानपणापासूनचे मित्र. महजूबनंच त्याला खांद्यावर घालून गावात आणलं. बखितानं मुलाच्या तोंडावरचं रक्त पदरानं पुसलं आणि महजूबला एवढंच म्हणाली, "खाली ठेव त्याला." त्यानंतर त्या घरातल्या आणि महजूबच्या घरातल्या माणसांनी एका झऱ्याचं पाणीही प्यायलं नाही. महजूब गावच्या म्होरक्याच्या, शेखच्या, आसऱ्याला गेला आणि दाराबाहेर दिसेनासा झाला.

इद्रिसचा कर्णा त्याच्या कबरीवर मोडून टाकला. रांगेत मात्र त्याची जागा तशीच ठेवली, एक माणूस मांडी घालून बसेल एवढी. गाण्यातही. सूर फिरत यायचे, त्याच्यापाशी थांबायचे, आणि तेवढा वेळ सगळे गप्प राहून पुढचा माणूस सूर धरायचा. पुढचा माणूस म्हणजे खुद्द शेख अत्ताहिर. म्हातारा नजरेनं अधू, सगळी भिस्त कानावर. मागचा सूर नाही म्हटल्यावर तो दर वेळी अडखळायचा.

मी भुताखेताला भिणारी बाई नाही. तिरडीच्या वेळूवर बसून भाकर खाल्लेली आहे. पण ती मोकळी जागा मला सोसेना. कर्णे वाजत नसतानाही ती गावात हिंडायला लागली. बायका उखळात ज्वारी कांडायच्या, तिघी आळीपाळीनं, धप धप धप. एके दुपारी माझ्या ध्यानात आलं की त्या मधेच एक ठोका सोडताहेत. तिघींचीही मुसळं वर थांबायची, कुणी कुणाकडे बघायचं नाही, आणि पुन्हा सुरू. मी विचारलं तर म्हणाल्या, "आम्ही नाही सोडत." चिंचेखाली रांग बसायची तिथे दिवसा कोंबड्या टिपायच्या, पण त्या एका जागेला वळसा घालून. कोंबड्यांना कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

मग खोजली आल्याची बातमी आली. तो बंदूक घेऊन आला, आईपाशी बसला आणि तिच्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी शेख काठी टेकत माझ्या झोपडीशी आला.

"हिंदिया, एक कर्णा करून दे."

"तुमच्याकडे इतके कारागीर आहेत, शेख."

"ते एकतर इकडचे नाहीतर तिकडचे. या कामाला हात कुणाचाच नसलेला लागतो. तू कुणाचीच नाहीस."

असं तोंडावर कुणी सांगितलं तर बरं वाटत नाही. पण खरं होतं ते.

"बाईनं केलेला चालेल?"

"करणाऱ्याचं कोण बघतो? वाजवणार महजूब."

मग त्यानं मला गावची रीत सांगितली. त्या एकाच गावची, कारण पलीकडच्या टेकडीवरचे बेर्ता ती ऐकून खांदे उडवायचे. मारणाऱ्यानं मेलेल्याच्या जागी बसायचं आणि मेलेल्याचा सूर फुंकायचा. सूर फिरत असताना शेखनं आईला विचारायचं, आला का तुझा मुलगा? ती आला म्हणाली तर तंटा मिटला. दोघांनी एका भांड्यात जेवायचं, आणि त्या दिवसापासून मारणारा तिचा मुलगा. तिचं छप्पर त्यानं शाकारायचं, लाकडं त्यानं आणायची, तिला आई म्हणायचं.

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर आम्ही सगळे उठून घरी जाऊ," शेख म्हणाला. "दारं लावून घेऊ. खोजली आणि महजूब, दोघंच चिंचेखाली राहतील."

"बंदुकीसकट?"

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर, एवढं सांगून शेख काठी टेकत गेला.

तिकडचा वेळू आपल्या मानवेल जातीच्या बांबूसारखा भरीव. तापवलेली सळई घालून तो आतून जाळत जाळत पोकळ करावा लागतो, आणि धूर थेट डोळ्यांत. मी ते सगळं केलं, तुंबा बसवला, मेणानं सांधा भरला. पण सूर सांगणार कोण? इतर कर्णेवाले म्हणाले, आम्हाला आमचा ठाऊक. शेखला तो रोज ऐकून पाठ असणार, पण तंटा मिटवायला बसणाऱ्यानं तो ओळखायचा नाही अशी रीत. ओळखायचा आईनं. म्हणून आमचं ते रोजचं चाललं होतं, मी फुंकणार आणि ती भिंतीकडे तोंड करून नाही म्हणणार.

मधल्या एका दुपारी मी सांध्याचं मेण घट्ट व्हावं म्हणून कर्णा वळचणीला टांगला आणि हात धुवायला गेले. वाऱ्याचं नाव नव्हतं. वेळूचं पानसुद्धा हलत नव्हतं. पाठीमागे कुणीतरी लांब श्वास घेतल्यासारखा आवाज आला, सूर लागण्याआधी येतो तेवढाच, आणि थांबला. मी वळून पाहिलं. बखिता दारात उभी होती.

"तूही ऐकलंस," ती म्हणाली.

"ऊन लागलं की वेळू बोलतो, मावशी. आमच्या घरी रात्रंदिवस कडकडायचा."

"कडकडला नाही. तो विचारतोय."

"काय?"

ती वळून आत गेली. मी कर्णा उतरवून आत नेला आणि गोणपाट टाकून झाकला. वेळूला गोणपाट कशाला, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

गुरुवारी संध्याकाळी शेवटचा वेळू उरला. एकच चकती कापण्याएवढी जागा होती. ती कापून मी फुंकलं. या वेळी बखितानं 'हा नाही' म्हटलं नाही. मी पुन्हा फुंकलं. तरी गप्प.

"हा?" मी विचारलं.

ती वळली. इतक्या दिवसांत सूर ऐकून पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे तोंड केलं होतं.

"मला आठवतच नाही गं," ती म्हणाली. "कुठला नाही ते कळतं. कुठला होता ते येत नाही. सकाळी डोळे उघडते तेव्हा असतो. चुलीला फुंकर घातली की जातो. मुलगा गेला तो गेला, आता हेही जातंय."

मला भडभडून आलं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती रडत नव्हती, मीच रडत होते.

"मग उद्या शेखनं विचारल्यावर काय म्हणशील?"

"आला तर आला म्हणेन."

"आणि तुला ओळखूच आला नाही तर?"

"तर नाही म्हणेन. खोटं कशाला बोलू?"

"मावशी, महजूबला मारून इद्रिस परत येणार आहे का?"

"नाही येणार," ती शांतपणे म्हणाली. "पण मग मला रोज सकाळी महजूबचं तोंड बघावं लागणार नाही. माझ्या अंगणात, माझ्या मुलाची कामं करताना. तू बघशील का?"

तिनं कर्णा माझ्या हातातून घेतला, तुंब्याच्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "हाच देऊन टाक."

शुक्रवारी सगळं गाव चिंचेखाली आलं. एका बाजूला बायका, समोर पुरुष, मधे कर्णेवाल्यांची रांग. बखितानं तोबेचा, म्हणजे तिकडच्या बायका अंगावर घेतात त्या लांब वस्त्राचा, पदर तोंड झाकून नाकापर्यंत ओढला होता. मी तिला लागून बसले होते, खांद्याला खांदा. समोर खोजली बसला, बंदूक मांडीवर आडवी. ती बाजूला ठेव असं त्याला कुणी म्हणालं नाही. तंटा मिटेपर्यंत तो त्याचा हक्क होता.

महजूबला शेखनं हाताला धरून आणलं. किती वाळला होता! दाढी वाढलेली, डोकं उघडं. त्याला मोकळ्या जागेपाशी नेलं तेव्हा तो थबकला. मग कुणी बसलेलं असावं आणि त्याला धक्का लागू नये अशा बेतानं तो अंग चोरून बसला. मी केलेला कर्णा शेखनं त्याच्या हातात दिला.

सूर निघाले. एक, त्याच्या शेजारचा, त्याच्या शेजारचा, महजूबपर्यंत आले. महजूबनं फुंकलं. नुसता वारा आला. त्याचे ओठ कोरडे पडून थरथरत होते. शेख अडखळला आणि मग त्यानं आपला सूर टाकला. गाणं पुन्हा फिरून आलं. महजूबनं पुन्हा फुंकलं, गालफडं फुगली, मानेच्या शिरा वर आल्या. पुन्हा वाराच. मी तो कर्णा दहा वेळा वाजवला होता. तो वाजत होता.

खोजलीनं बंदूक उचलून गुडघ्यावर घेतली.

तिसऱ्यांदा गाणं त्याच्याकडे यायला लागलं तेव्हा महजूबनं कर्णा तोंडाला लावलाच नाही. तो मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात त्यावर जोडून मान खाली घातली. बायकांमध्ये कुणीतरी हुंदका दिला. ती त्याची आई असणार. शेखनं आपला कर्णा खाली घेतला आणि आमच्या दिशेनं तोंड केलं. बाकीचे वाजवतच होते, थांबायचं नाही अशीच रीत होती.

"बखिता," शेख म्हणाला, "आला का तुझा मुलगा?"

माझ्या खांद्याला लागलेला तिचा खांदा वर चढला. तिनं छाती भरून श्वास घेतला. सूर मोकळ्या जागेपर्यंत पोचले आणि त्याच क्षणी तो आला.

खालचा, रुंद, थोडा घोगरा. वेळूतून येतो तसा, आधी वारा आणि मग आवाज. बाईच्या गळ्यातून तसा आवाज निघत नाही. पण तो माझ्या उजव्या कानाशी निघत होता. पदराआड बखिताचा जबडा उघडला होता आणि तिच्या गळ्याची शीर थरथरत होती. समोर सगळ्यांच्या नजरा महजूबकडे वळल्या. महजूब मांडीवरच्या कर्ण्याकडे बघत होता आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते मला पुन्हा कधी बघायचं नाही.

शेखचा हात आपोआप वर गेला. त्यानं कर्णा तोंडाला लावला आणि त्याचा सूर जिथल्या तिथे पडला. त्याच्या पुढच्याचा पडला, त्याच्या पुढच्याचा. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा गाणं अडखळल्यावाचून पूर्ण फिरलं. मग एकेक करून कर्णे थांबले.

"आला," बखिताच्या उत्तराची वाट न बघता शेख म्हणाला. त्याच्या अधू डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आम्ही सगळ्यांनी ऐकलं. आला."

खोजलीनं बंदूक जमिनीवर ठेवली आणि तो लहान मुलासारखा मोठ्यानं रडला. शेखनं फातिहाची प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. घाट्याचं भांडं आणलं. बखिताला दोघींनी धरून महजूबसमोर बसवलं. तिनं घास घेतला, त्यानं घेतला. मुसळं, कोंबड्या, मुलं, सगळ्यांचे आवाज एकदम सुरू झाल्यासारखं मला वाटलं. कदाचित मीच इतके दिवस ऐकत नव्हते.

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मला आनंद मावत नव्हता. मी चुलीपाशी बसून बडबडत सुटले.

"मावशी, शहाणी तू! मी तर हात टेकले होते. बरोबर वेळेला आठवला गं तुला. घाबरू नको, मी काही पाहिलं नाही. मेले तरी कुणाला सांगणार नाही."

"काय पाहिलं नाहीस?"

"तू सूर काढलास ते. पदराआडून."

बखिता पाण्याचं भांडं हातात घेऊन उभी होती. ते तिनं हळूच खाली ठेवलं आणि ती जमिनीवर बसली. तिनं आपल्या गळ्यावर हात ठेवला. दुसऱ्या कुणाच्या गळ्याला हात लावावा तसा.

"म्हणजे तो माझ्याकडून आला?" तिनं विचारलं.

"तुला माहीत नाही?"

"मला वाटलं तुम्ही सगळे रांगेकडे बघताय म्हणजे तिकडूनच आला असेल." तिनं दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं. "हिंदिया, मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं."

तिचा मला इतका कळवळा आला की मी तिचे पाय धरले. शेखनं विचारलं होतं, पण तिचं उत्तर कुणी ऐकलंच नव्हतं. तिच्या तोंडानं तिच्याच मुलानं सांगून टाकलं होतं, आणि आता तिला ते निभवायचं होतं.

तेवढ्यात फाटकाशी पावलं वाजली. लाकडाचा भारा टेकल्याचा आवाज आला. रीतीप्रमाणे तो पहिल्याच संध्याकाळी आला होता.

"आई," महजूबनं भीत भीत हाक मारली, "लाकडं कुठं टाकू?"

बखितानं झटकन दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं. बोटं गालांत रुतली होती आणि डोळे माझ्यावर खिळले होते. त्यानं पुन्हा हाक मारली. ती हात काढीना.

शेवटी मीच ओरडून सांगितलं, "टाक चुलीपाशी."